अँटेना मोजून राउटर घेऊ नका

खाली दुकान, मधल्या मजल्यावर कारखाना आणि वर राहते घर, अशी घरे मालेगाव-भिवंडीपासून मुंबईपर्यंत आपल्या वस्त्यांत गल्लोगल्ली दिसतात. ब्रॉडबँडची तार या घरात एकाच जागी येते, बहुधा दुकानातील गल्ल्याच्या बाजूला. तिथे इंटरनेट उत्तम चालते. मधल्या मजल्यावर मात्र गिऱ्हाइकाने व्हॉट्सॲपवर पाठवलेला नमुना उघडत नाही, आणि वर मुलीचा ऑनलाइन तास मध्येच तुटतो. कारागीर नमुन्याची वाट पाहत बसून राहतो. त्याच्या रोजीचे नुकसान कोणाच्या वहीत लिहिले जात नाही, पण ते होतेच.

मग एके दिवशी मालक बाजारात जातो. विक्रेता सहा अँटेनांचा, चार-पाच हजारांचा राउटर पुढे करतो आणि "भाई, हा तीन मजले सहज ओढेल" असे सांगतो. यंत्र घरी येते, जुन्याच जागी लागते आणि वरच्या मजल्यावरची रडकथा जवळजवळ तशीच राहते. आमचे मत स्पष्ट आहे. लहान व्यापाऱ्याने महाग राउटरवर घातलेला पैसा बहुतेक वेळा वाया जातो. तोच पैसा योग्य जागा, एक चांगली तार आणि साधा राउटर यांवर घातला तर काम होते आणि चार पैसे उरतातही.

खरेदीपूर्वी दोष कुठे आहे ते पाहावे. राउटरच्या शेजारी उभे राहून मोबाईलवर वेग मोजा, मग वरच्या मजल्यावर जाऊन पुन्हा मोजा. शेजारीही वेग कमी असेल तर दोष लाईनचा किंवा कंपनीने दिलेल्या डब्याचा आहे. तेव्हा नवे यंत्र न घेता तक्रार नोंदवावी. खाली वेग चांगला आणि वर वाईट असेल, तरच पुढचा विचार करावा.

वायफाय म्हणजे रेडिओलहरी. वीट आणि लाकूड त्यांना थोडेफार अडवते. सळईचा स्लॅब, लोखंडी शटर, पत्रा, पाण्याची टाकी आणि मोठा आरसा त्यांना फार अडवतात. आपल्या दुकानांत राउटर नेमका लोखंडी कपाटावर, शटरच्या आड किंवा गल्ल्याखाली ठेवलेला असतो. तिथून काढून तो उंचावर, मोकळ्या जागी, शक्यतो जिन्याच्या तोंडाशी लावावा. जिन्याच्या पोकळीतून लहरी वर जातात. एवढ्याने कित्येक घरांचा प्रश्न एक पैसाही न खर्चता सुटतो.

अँटेनांचा गैरसमजही दूर केला पाहिजे. अँटेना स्वतः शक्ती निर्माण करत नाही, असलेली शक्ती ती एका दिशेला वळवते. उभी अँटेना आडवी पसरण देते, आणि तिची क्षमता जितकी मोठी लिहिलेली तितकी ही पसरण चपटी होते. म्हणजे एकाच मजल्यावर लांब जाईल, पण वरच्या मजल्याला कमी मिळेल. मजल्यांचे घर असेल तर दोनपैकी एक अँटेना आडवी करून पाहावी.

खोक्यावरचे आकडेही नीट वाचावेत. '३००' लिहिलेला राउटर बहुधा फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो. या लहरी लांब जातात, भिंतीही बऱ्यापैकी पार करतात. पण २००५ पासून हा पट्टा आपल्या देशात विनापरवाना वापरासाठी खुला आहे, त्यामुळे दाट वस्तीत त्यावर प्रत्येक घराची गर्दी असते. त्यात एकमेकांना न भिडणारे मार्ग १, ६ आणि ११ असे तीनच. शेजाऱ्यांची गर्दी ज्यावर कमी तो मार्ग राउटरच्या सेटिंगमध्ये निवडावा. '१२००' लिहिलेला राउटर दोन पट्ट्यांचा असतो. त्यातला ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान आणि कमी गर्दीचा असतो, मात्र भिंतीपुढे लवकर थकतो. १२०० हा दोन्ही पट्ट्यांच्या कागदी वेगांची बेरीज आहे, प्रत्यक्षात तितके कधीच मिळत नाही. शिवाय अशा अनेक स्वस्त राउटरच्या मागच्या खाचा १०० एमबीपीएसच्याच असतात. तुमची योजना ४०-५० एमबीपीएसची असेल तर त्या पुरतात. योजना १०० च्या वरची असेल तर 'गिगाबिट' खाचा आहेत का, हे विचारूनच पैसे द्यावेत. साध्या धंद्याला दोन पट्ट्यांचा साधा राउटर पुरेसा आहे.

आता मुख्य गोष्ट, वरच्या मजल्याची. बाजारात 'बूस्टर' किंवा 'रिपीटर' स्वस्त मिळतो. तो एकाच पट्ट्यावर ऐकतो आणि त्याच पट्ट्यावर बोलतो, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. लोक तो रेंज नसलेल्या खोलीतच लावतात. ज्याला स्वतःलाच ऐकू येत नाही, तो पुढे काय सांगणार? लावायचाच असेल तर अर्ध्या वाटेवर, जिथे रेंज अजून चांगली आहे तिथे लावावा. मेश संच काम चांगले करतो, पण किंमत लहान धंद्याला जड जाते.

खरा उपाय तारेचा आहे. खालच्या राउटरपासून जिन्याच्या कडेने कॅट-५ई किंवा कॅट-६ तार वर न्यावी. ती १०० मीटरपर्यंत वेग न गमावता चालते, म्हणजे तीन मजल्यांना सहज पुरते. तार घेताना ती शुद्ध तांब्याची आहे का हे विचारावे. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त पडते, पण लवकर तुटते आणि दगा देते. विजेच्या वायरीबरोबर एकाच पट्टीत ती ओढू नये. वरच्या टोकाला माळ्यावर पडलेला जुना राउटर लावावा. त्यातील डीएचसीपी, म्हणजे उपकरणांना पत्ते वाटण्याचे काम, बंद करावे. त्याचा स्वतःचा पत्ता खालच्या राउटरपेक्षा वेगळा द्यावा आणि तार 'लॅन' लिहिलेल्या खाचेत घालावी. दोन्हीकडे नाव व पासवर्ड एकच ठेवला की जिना चढताना मोबाईल बहुधा आपोआप वरचा राउटर पकडतो. वीज जाते त्या भागात राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तोही उपयोगी आहे. मात्र तो कंपनीच्या डब्यालाही जोडावा, नाहीतर राउटर चालू आणि इंटरनेट बंद अशी गत होते.

एक इशारा. ज्या वायफायवर तुमचा हिशेब आणि बँकेचे व्यवहार चालतात, त्याचाच पासवर्ड येणाऱ्या-जाणाऱ्याला देणे म्हणजे तिजोरीची किल्ली फळीवर ठेवणे. गिऱ्हाइकांसाठी 'गेस्ट' नावाचे वेगळे जाळे चालू करावे, आणि राउटरसोबत आलेला मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा.

आपल्यातीलच अनेक बांधव मोबाईल-इलेक्ट्रॉनिक्सच्या धंद्यात आहेत. त्यांना विनंती की, गिऱ्हाईक 'जास्त रेंजचा राउटर द्या' म्हणाला तर आधी त्याचे घर किती मजल्यांचे, स्लॅब कुठे आणि तार कुठून येते, हे विचारा. वीस मीटर तार विकून नफा थोडा होईल. पण ज्याचे काम झाले, तो पुढच्या वेळी शेजाऱ्यालाही घेऊन येईल.