साखर आटोक्यात, पण नाडीचे काय?

मधुमेहात साखर आटोक्यात ठेवली की पक्षाघात टळतो, हे गेल्या आठवड्यातील पत्रातले विधान अर्धेच खरे आहे. साखर आटोक्यात असली तरी पक्षाघाताचे आणखी एक कारण उरते: एट्रियल फिब्रिलेशन. त्यात हृदयाचे ठोके बेताल पडतात, डाव्या अलिंदाच्या कोपऱ्यात रक्त साकळते आणि गुठळी थेट मेंदूत जाऊ शकते. पक्षाघाताचा धोका सुमारे ५ पट वाढतो. या आजारात ही जोखीम मोजण्याच्या प्रचलित पद्धतीत मधुमेहाला १ गुण, रक्तदाबाला १, वय ६५ ते ७४ असल्यास १, पूर्वीच्या झटक्याला २. म्हणजे बडनेऱ्यातला सत्तरीचा, शुगर-बीपीवाला गृहस्थ ३ गुणांवर असतो. उपाशीपोटीचा रिपोर्ट कितीही छान येवो.

पत्रात सुचवलेली अ‍ॅस्पिरिन येथे तोकडी पडते. वॉरफरिन किंवा नवी रक्त पातळ करणारी औषधे लागतात, अर्थात डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. वॉरफरिनवर आयएनआर (रक्त गोठण्याचे मोजमाप) बहुधा २ ते ३ दरम्यान ठेवतात. पालेभाज्यांचा वॉरफरिनवर परिणाम होतो म्हणून मेथी-पालक बंद करायचे नसते, प्रमाण सारखे ठेवायचे असते.

पक्षाघात हा केवळ शहरी आजारही नव्हे. गडचिरोलीच्या खेड्यांतील, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मृत्यूचे पहिले कारण पक्षाघातच निघाले. साखर तपासताना मिनिटभर मनगटावरची नाडी पाहायला यंत्र लागत नाही; ठोका चुकतो वाटले तर ईसीजी काढावा.

– एक वाचक, बडनेरा