कन्या नगररचना शिकू म्हणते

अलिबागचे एक वाचक गृहस्थ लिहितात, "कन्या भूगोल घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. शहरांचे नि पर्यावरणाचे नियोजन शिकायचे म्हणते. मैत्रिणी बँकेच्या परीक्षांना बसताहेत. याला खूळ म्हणावे की शिक्षण?"

शिक्षणच म्हणावे, महाराज! त्याचा पहिला धडा तर तुमच्या घराजवळच आहे. धरमतरच्या खाडीकाठी खारभूमीचे बांध आहेत, त्या बांधांना उघाडी असते. ओहोटीला तिच्यातून शेतातले पावसाचे पाणी खाडीत जाते, भरतीला दार मिटते आणि खारे पाणी बाहेर राहते. बांधाला खांड पडली की भात गेलेच म्हणायचे.

1970 मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील 95 गावांच्या जमिनीवर नवी मुंबई उभारायचे ठरले. सखल जमिनीत इंजिनियरांनी युक्ती योजली ती उघाडीचीच, फक्त मोठ्या मापाची. भरतीच्या वेळी कोसळलेला पाऊस धारण तलावात साठवायचा आणि ओहोटीला झडपांतून सोडायचा. पुढे तलावांत गाळ साचला, गाळात कांदळवन रुजले. तलाव उपसावा तर कांदळवन तुटते, आणि त्याचा नाश म्हणजे जगण्याच्या मूलभूत हक्कावर घाला, असे मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये म्हटले. न उपसावा तर पावसाचे पाणी वस्तीत शिरायची धास्ती. दोन्ही पक्ष खरे! अशा पेचातून वाट काढणारी माणसे हवीत, आणि ती फार थोडी आहेत.

आता व्यवहाराचे. नुसत्या बी.ए.वर बहुतेक ठिकाणी भागत नाही. भूगोलात एम.ए. केल्यावर दिल्लीची नियोजन व वास्तुकला संस्था, अहमदाबादचे सेप्ट विद्यापीठ अशा ठिकाणी पदव्युत्तर प्रवेशासाठी प्रयत्न करता येतो. सरकारी नगररचनेच्या जागांना मात्र बहुधा स्थापत्य, वास्तुशास्त्र किंवा नियोजनाची पदवी मागतात. तेव्हा जाहिरातीतील अटी आधी वाचाव्यात, मग पेढे वाटावेत. सल्लागार कंपन्या आणि संशोधन संस्थांचे दार त्या मानाने सैल असते.

तोवर कन्येने नगरपालिकेत जाऊन गावाचा विकास आराखडा पाहावा. 1966 च्या नगररचना कायद्याने प्रारूप आराखड्यावर हरकत घेण्याचा हक्क तुम्हा-आम्हालाही आहे. तो किती जण बजावतात? आणि लक्ष्मीपूजन अमावास्येचे, म्हणजे उधाणाची भरती आलीच. त्या दिवशी तिला वही देऊन बांधावर पाठवा, बरोबर चकल्यांचा डबा द्या. शेवटची खांड कधी पडली होती, एवढेच तिथल्या शेतकरीदादांना विचारू दे.