रोवणीच्या दिवसांतील ताट

आषाढात पाऊस धरला की रायपूरच्या धानपट्ट्यातील शेतकरी स्त्रीचा दिवस पहाटे चुलीपाशी सुरू होतो आणि चिखलात मावळतो. रोवणी ही बहुतांशी स्त्रियांच्याच हातची. शेतावर निघण्यापूर्वी ती काय रांधते आणि सायंकाळी परतल्यावर चुलीपाशी किती वेळ उभी राहू शकते, यावर त्या दिवसांत साऱ्या घराचे पोषण ठरते. गोंदिया, भंडारा, गडचिरोलीच्या धान उत्पादक कुटुंबांना हे वेळापत्रक परके नाही. आहारविषयक पत्रकांत मात्र या वेळेला सहसा जागा नसते. त्यांत प्रथिने असतात, लोह असते, रंगीत थाळीचे चित्र असते. पदार्थाला लागणारी मिनिटे नसतात.

प्रश्न किरकोळ नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीत छत्तीसगडमधील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ६१ टक्के स्त्रिया आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाची सुमारे ६७ टक्के बालके रक्तक्षयग्रस्त आढळली. आधीच्या फेरीत हेच आकडे सुमारे ४७ आणि ४२ होते. रक्तक्षयाची कारणे अनेक असतात आणि केवळ ताट बदलून तो हटणार नाही, हे खरे. परंतु ताट हा विस्तार कार्यकर्त्याच्या आवाक्यातला भाग आहे. तेथे तो नवनव्या पाककृती घेऊन जातो. ज्या घरात मुळात वेळच नाही, तेथे नवी पाककृती हे आणखी एक काम ठरते.

वस्तुतः झटपट आणि पौष्टिक अन्नाची शिदोरी छत्तीसगडी स्वयंपाकघरात पूर्वीपासून आहे. चिला हा त्यातला पहिला पदार्थ. तांदळाचे पीठ, पाणी, मीठ, हिरवी मिरची, कोथिंबीर. आंबवणे नाही, मळणे नाही. रायपुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांना चिला म्हणजे धिरडे, हे सांगावे लागत नाही. नुसता चिला मात्र पिष्टाचाच. दोन वाट्या तांदळाच्या पिठात एक वाटी बेसन आणि मूठभर चिरलेला लाल माठ मिसळला, तर त्याच तव्यावर आणि तेवढ्याच वेळात धान्य, डाळ व पालेभाजी एकत्र येतात. तांदळाच्या प्रथिनात लायसिन कमी असते, ते बेसन भरून काढते. फरा हा दुसरा पदार्थ उरलेल्या भातासाठीच जन्मलेला आहे: भात तांदळाच्या पिठात मळून त्याच्या बोटाएवढ्या वळकट्या वाफवायच्या आणि वर मोहरी-तिळाची फोडणी द्यायची. कोहळा व उडदाच्या डाळीची रखिया बडी, म्हणजे सांडग्याची छत्तीसगडी बहीण, उन्हे असताना घातली की पावसाळ्यात डाळ भिजवण्या-वाटण्याचा वेळ वाचवते.

आणि अर्थात बोरे-बासी. रात्रीचा भात पाण्यात बुडवून ठेवायचा, सकाळी कांदा, मिरची, मीठ घेऊन खायचा. २०२२ च्या कामगारदिनी राज्य शासनाने बासी खाण्याचे जाहीर आवाहन केले आणि मजुराच्या या न्याहारीला प्रतिष्ठा मिळाली. ते चांगलेच झाले. तथापि बासी थंडावा देते, चूल पेटवण्याचा त्रास वाचवते, एवढ्यावरून ती पूर्णान्न ठरत नाही. ताटात शेवटी भात आणि पाणीच असते. शेजारी भाजलेले शेंगदाणे, दह्याची वाटी किंवा आदल्या दिवशीची डाळ-भाजी हवी. भात झाकून तासन्‌तास उबदार ठेवू नये. पसरून लवकर निववावा आणि मगच स्वच्छ पाण्यात घालावा. सौम्य आंबटपणा चालतो. तार सुटली किंवा दुर्गंधी आली तर टाकून द्यावा. पौष्टिकतेच्या कौतुकात स्वच्छतेची ही बाजू अनेकदा राहून जाते.

वेळ न मागणारे पोषण बियाण्यातूनही येऊ शकते. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने विकसित केलेल्या ‘झिंको राइस एमएस’ या वाणाच्या पांढऱ्या तांदळात जस्ताचे प्रमाण दशलक्ष भागांत २७.४ इतके नोंदले गेले आहे. प्रचलित वाणांत ते १२ ते १६ असते. गृहिणीला त्यासाठी एक मिनिटही अधिक द्यावे लागत नाही. उकडा तांदूळ, म्हणजे येथील उसना, हादेखील असाच फुकटचा लाभ आहे: उकडताना कोंड्यातील ब जीवनसत्त्वांचा काही अंश दाण्यात उतरतो. भात पसावण्याची रीत मात्र विद्राव्य जीवनसत्त्वे बाहेर काढते. म्हणूनच पसिया, म्हणजे पेज, पिण्याची जुनी सवय मोडू देऊ नये.

पालेभाजीबाबत ही माणसे सल्लागारांच्या पुढेच आहेत. चेच, करमत्ता, मुनगा, तिवरा, तसेच विदर्भात तरोटा म्हणून ओळखली जाणारी चरोटा: पावसाळा-हिवाळ्यात बारीतून आणि बांधावरून किती भाज्या घरात येतात, याची गणती शहरी आहारतज्ज्ञाला करता येणार नाही. उणीव भाजीची नाही, तिच्या जोडीदाराची आहे. पालेभाजीतील लोह शरीरात सहज शोषले जात नाही. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असेल तर शोषण वाढते, आणि जेवणासोबतच चहा घेतला तर घटते. येथे फळाचा प्रश्न येतो.

फळ म्हणजे पाहुण्यांसाठी, रुग्णासाठी किंवा विक्रीसाठी, ही समजूत शेतकरी घरांत पक्की आहे. १०० ग्रॅम पेरूत २०० मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असते आणि बारीत पेरूचे झाड असते. तरी पेरू जेवणाच्या ताटात येत नाही, मुले तो बाहेर उभ्या-उभ्या खातात. पेरूची कोशिंबीर मराठी घरांना ठाऊक आहे. ती दह्याऐवजी लिंबू, मीठ व दाण्याच्या कुटाची केली, तर भाजीतील लोहाला अधिक उपकारक. दह्यातील कॅल्शियम लोहाच्या शोषणात काहीसे आड येते. हे काम पाच मिनिटांचे असून चुलीशी त्याचा संबंध नाही, त्यामुळे घरातील पुरुषाने किंवा शाळकरी मुलाने ते करण्यास कोणतीच सबब उरत नाही.

फळप्रक्रियेच्या प्रशिक्षणांनी या बाबतीत थोडी दिशाभूल केली आहे. जॅम, स्क्वॅश, मुरंबा यांची प्रात्यक्षिके बचतगटांच्या उत्पन्नासाठी योग्यच. परंतु तीच पोषणाच्या शीर्षकाखाली दाखवली जातात. जॅममध्ये विद्राव्य घटक किमान ६५ टक्के असावे लागतात, म्हणजे त्यातील मोठा भाग साखरच. घरच्या गोडासाठी शिकरणाइतका सोपा आणि प्रामाणिक पदार्थ दुसरा नाही: पिकलेली केळी, दूध, हवी तर वेलची, केळे पुरेसे पिकलेले असेल तर साखरेची गरजही पडत नाही. पपईच्या फोडींवर लिंबू पिळून दाण्याचा कूट भुरभुरला की मुलांना वेगळा खाऊ लागत नाही. अननस दुधात कच्चा घालू नये. त्यातील विकर दुधाची प्रथिने तोडते आणि मिश्रण कडवट होते.

सीताफळ शरदात येते, म्हणजे धान निसवून रोवणीची घाई मागे पडलेली असते. कांकेर भागातील रानातून ते मोठ्या प्रमाणावर बाजारात येते. त्याचा गर उष्णतेने काळवंडतो व कडू होतो. त्यामुळे बासुंदी करायचीच तर दूध आधी आटवून पूर्ण थंड करावे आणि गर त्यात शेवटी घालावा. बिया मिक्सरमध्ये फुटू देऊ नयेत. चाळणीवर हाताने गर काढणे वेळखाऊ वाटते खरे, पण संध्याकाळी ओट्यावर बसून चौघांनी मिळून करण्याचे हे काम आहे.

राहता राहिला प्रात्यक्षिकांच्या वेळेचा विषय. सकाळी अकरा वाजता पंचायत भवनात भरणाऱ्या वर्गाला रोवणी करणारी स्त्री येऊ शकत नाही, आणि जी येते तिला हा सल्ला फारसा आवश्यक नसतो. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, पाऊस पडण्यापूर्वी, सायंकाळी वस्तीतच, एक तवा आणि एक चिरण्याची पाटी एवढ्या सामग्रीवर आणि पुरुषांनाही बोलावून प्रात्यक्षिक घेता येते. घड्याळ मात्र सर्वांना दिसेल असे टांगावे. जो पदार्थ वीस मिनिटांत ताटात उतरणार नाही, तो पावसाळ्याच्या यादीतून वगळून दिवाळीनंतरच्या यादीत घालावा.