दुकानाचा हिशेब रोज, घराचा हिशेब कधी?

कापडाच्या बाजारात रोजमेळ पूर्ण झाल्याशिवाय दुकानाचे शटर खाली येत नाही. किती ताके आले, किती गेले, कोणाकडे किती उधारी राहिली, याचा एक-एक रुपया आपण कागदावर आणतो. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकराच्या 282 व्या आयतीत आहे आणि ती कुरआनमधील सर्वांत लांब आयत आहे, हे आपण सर्व जाणतो. परंतु ज्या दुकानात हा रोजमेळ लिहिला जातो ते दुकान नेमके कोणाचे, भाडेपावती कोणाच्या नावावर, घरातल्या आईचा महेर दिला की बाकी आहे, हे मात्र कोठेही लिहिलेले नसते. मालक गेला की तंटा येथूनच सुरू होतो.

पुष्कळ घरांत असा समज आहे की, दुकान म्हणजे बाप आणि मुलांचा एकत्र कारभार. बाप गेला तर मुलांनी तो पुढे चालवायचा, बाकी कोणाचा संबंध नाही. हा समज शरीयतलाही मान्य नाही आणि कोर्टालाही नाही. हिंदू अविभक्त कुटुंबासारखी संस्था मुस्लिम कायद्यात नाही. बापाच्या हयातीत दुकान बापाचे, मुलाचा त्यावर जन्माने हक्क नाही. आणि बापाने डोळे मिटताच ते सर्व वारसांचे होते, त्यात बेवा आहे आणि मुलीही आहेत. 1937 च्या शरीयत कायद्याने हीच वाटणी देशाच्या कोर्टातही चालते.

तरक्यातून आधी कफन-दफनचा खर्च, मग कर्ज, मग वसीयत आणि त्यानंतर वाटणी, हा क्रम आहे. बाकी राहिलेला महेर हेही कर्जच आहे. समजा, मय्यतीचे आई-बाप हयात नाहीत, मागे बेवा, दोन मुलगे व दोन मुली आहेत आणि माल, येणे, गाळा सर्व धरून, देणे वजा जाता 48 लाख उरले. तर बेवाचा आठवा हिस्सा म्हणजे 6 लाख, प्रत्येक मुलाला 14 लाख आणि प्रत्येक मुलीला 7 लाख. हिशेब इतका सरळ आहे की दुकानातला मुनीमही पाच मिनिटांत करून देईल.

तरीही चाळिसावा होतो न होतो तोच बहिणींपुढे हक्कसोड पत्र ठेवले जाते. दुःखात असलेल्या मुलीने भावाला नाही कसे म्हणावे? माहेर तुटेल या भीतीने ती सही करते आणि आपण म्हणतो, तिने राजीखुशीने सोडले. काहीजण म्हणतात, लग्नात जहेज दिला, आता काय राहिले? जहेज हा वारसा हक्क नव्हे. सूरह निसाने मुलीचा हिस्सा ठरविला तो बापाच्या मरणानंतरचा आहे, लग्नाच्या मंडपातला नाही. तिला खरोखरच सोडायचे असेल तर आधी हिशेब तिच्या हाती द्या, तिचा आकडा तिला कळू द्या, काही महिने जाऊ द्या, मग तिने ठरवावे.

दुसरा आक्षेप असा की, हिस्सा दिला तर दुकान मोडेल. दुकान तोडायला कोणी सांगत नाही, किंमत वाटायची आहे. आपण परगावच्या व्यापाऱ्याला, ज्याचे घरही पाहिलेले नसते, नव्वद दिवसांच्या उधारीवर माल देतो. मग सख्ख्या बहिणीची रक्कम तीन-चार वर्षांच्या हप्त्यांत, लेखी करार करून देता येणार नाही काय?

मोठ्या मुलाची तक्रार मात्र आम्हाला खरी वाटते. तो वीस वर्षे बिनपगारी गल्ल्यावर बसला, धाकटा पुण्यात नोकरीला गेला आणि वाटणीत दोघे सारखे. याचा इलाज बहिणीचा हिस्सा कापणे हा नाही. बापाने हयातीतच त्याला पगार लावावा किंवा भागीदारीचा करार करून त्याचा हिस्सा लिहून द्यावा. 1932 च्या भागीदारी कायद्याप्रमाणे भागीदार मरण पावल्यास, करारात वेगळे ठरले नसेल तर पेढी विसर्जित होते, म्हणून तेही कलम करारात विचारपूर्वक घालावे. हिबा करायचा तर बोलणे, कबूल करणे आणि कब्जा देणे, या तिन्ही गोष्टी पाहिजेत. कागद मुलाच्या नावाचा आणि चावी बापाच्या खिशात, असा हिबा कोर्टात टिकणे कठीण.

कागदांबाबत आणखी काही गोष्टी. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँकेच्या ठेवीचे पैसे नॉमिनीच्या हाती पडतात, पण ते वारसांचे असतात. शेअर्सच्या बाबतीतही सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितले. भाड्याच्या गाळ्याचा मामला वेगळा आहे. महाराष्ट्राच्या 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात, भाडेकरूच्या मृत्यूसमयी त्याच्यासोबत त्या जागेत धंदा करणाऱ्या कुटुंबीयाचा विचार आधी होतो. त्यामुळे गाळ्यात कोण बसतो, याचा लेखी पुरावा ठेवावा.

वसीयतचा खरा उपयोगही आपण विसरलो आहोत. ती एक तृतीयांशपर्यंतच करता येते आणि इतर वारसांच्या संमतीशिवाय वारसाच्या नावे चालत नाही. परंतु बापाआधी एखादा मुलगा वारला आणि दुसरा मुलगा हयात असला, तर वारलेल्या मुलाच्या यतीम लेकरांना आजोबांच्या तरक्यात हिस्सा मिळत नाही. त्यांच्यासाठीच हा एक तृतीयांश मोकळा आहे. ज्या घरात अशी लेकरे आहेत, तेथील आजोबांनी आजच कागद करावा. उद्यावर टाकलेल्या वसीयतीपायी किती नातू चुलत्यांच्या दारात उभे राहिले आहेत!

व्यापारी बंधूंना आमचे सांगणे थोडकेच आहे. वर्षाचा ताळेबंद काढता त्याच दिवशी एक कागद घराचाही करा. मिळकत कोणाच्या नावावर, देणे किती, येणे किती, महेर दिला की नाही, भागीदार कोण, हे सर्व त्यावर लिहा. तो कागद पत्नी आणि मुलींनाही दाखवा, फक्त मुलांना नको. एकदा वकील आणि एकदा जाणत्या आलिमचा सल्ला घ्या. बाजारात ज्याचे देणे बाकी असते त्याची पत जाते, हे आपण रोज पाहतो. बहिणीचे देणे बाकी ठेवणाऱ्याची पत कोठे जाते, याचा विचार ज्याने त्याने करावा.