मान ताठ, म्हणून खोटी?

बी. प्रभा यांच्या कोळणींवर एक आरोप ठरलेलाच आहे : त्या फार देखण्या आहेत. लांबसडक मान, सडपातळ हात, मिटल्यासारखे डोळे आणि मागे एकाच रंगाचा पसारा. 'दिवाणखान्यातली चित्रे' म्हणून जाणकार ती बाजूला सारतात. कष्टकरी बाई अशी असते का, असा सवाल आमचे पुरोगामी मित्रही करतात. लिंबायतीत राहणारा माणूस म्हणून या सवालाला उत्तर देण्याचा अधिकार मला आहे, असे मी समजतो.

आमच्या या भागात जळगाव, धुळे, नंदुरबारकडून पोटासाठी आलेली खान्देशी कुटुंबे दाटीने राहतात. पुरुष लूमवर नाहीतर मिलमध्ये. बायका घरबसल्या साडीला लेस लावतात, टिकल्या चिकटवतात, धागे कापतात. पैसे नगावर, मान दिवसभर खाली. ही मान चित्रातही वाकलेलीच हवी, असा आग्रह धरणारे लोक मी पाहिले आहेत. ते गल्लीत कॅमेरा घेऊन येतात आणि बाईने डोळे वर करावेत, जमल्यास ओलेही करावेत, म्हणून खोळंबून राहतात. तिचे दुःख त्यांना पुराव्यादाखल हवे असते!

प्रभाबाईंनी हा पुरावा द्यायचे नाकारले, यातच त्यांचे मोठेपण आहे. १९३३ साली नागपूरजवळच्या बेला गावी जन्मलेली ही मुलगी नागपुरात चित्रकला शिकून मुंबईच्या जे. जे. मध्ये आली. राजा रविवर्म्याची दागिन्यांनी मढलेली नायिका तोवर घराघरांच्या भिंतींवर स्थिरावली होती. अमृता शेरगिलने १९३५ सालच्या 'तीन मुली' या चित्रात अबोल, खाली पाहणाऱ्या मुली रंगवून निराळी वाट दाखवली. त्या वाटेवर प्रभाबाईंनी कोळीण उभी केली. तिच्यापाशी टोपली आहे, मासळी आहे, थकवाही आहे. पण तिचे दुःख तिचे तिच्यापाशी. पाहणाऱ्याला कीव करण्याची सोयच तिने ठेवलेली नाही. ती लांब मान मला तरी नटवी वाटत नाही; ओझ्याखाली न मोडलेली वाटते.

पुढे पुढे या आकृतीचा साचा झाला, हे खरे. पण न्याय सारखा हवा. हुसेनांचा घोडा जन्मभर धावला तर ती 'शैली', आणि प्रभाबाईंची कोळीण पुन्हा आली की ती 'पुनरावृत्ती', हा कुठला निवाडा?

माझी तक्रार चित्रांविषयी नाही, भिंतींविषयी आहे. एअर इंडियाने आपल्या संग्रहासाठी अगदी आरंभी ज्यांची चित्रे घेतली, त्यांत प्रभाबाई होत्या. तो संग्रह २०२३ साली नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टकडे गेला. प्रभाबाई २००१ सालीच गेल्या. विमानकंपनीपासून सरकारी दालनापर्यंत या कोळणींचा प्रवास झाला. पण ज्या बायकांच्या जातकुळीच्या त्या आहेत, त्यांच्या वस्तीत एकही पोहोचली नाही.

म्हणून सुरत महानगरपालिकेच्या मराठी शाळांकडे माझे एकच मागणे आहे. वर्गात पुढाऱ्यांच्या तसबिरींशेजारी प्रभाबाईंच्या कोळणीची एक छापील प्रत लावा. घरी आईबरोबर टिकल्या चिकटवून आलेल्या मुलींनाच विचारा, ही मान खोटी आहे का? त्या 'हो' म्हणाल्या, तर मी ऐकून घेईन. दिवाणखान्यात बसून निकाल देणाऱ्यांचे मात्र ऐकणार नाही.