एक ओळ चिकटवली आणि गप्प बसलो

येडेश्वरीच्या चैत्री यात्रेला येरमाळ्याला गेलो, तर भाच्याने माझाच जुना लॅपटॉप पुढ्यात ठेवला. डेबियन ११ चं १२ केलं आणि ब्राइटनेसची बटणं मेली. स्क्रीन कायम भगभगीत, पोरगा रात्री डोळे बारीक करून अभ्यास करतोय.

"मामा, लिनक्स तुम्हीच टाकलं ना?"

ग्रबमध्ये ‘एसीपीआय_बॅकलाइट=नेटिव्ह’ लिहिलं, रिबूट, काम फत्ते. आणि मग माझं डोकं फिरलं. स्वतःवरच.

हीच ओळ मी दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या लॅपटॉपवर टाकून गप्प बसलो होतो! ब्राइटनेस कोणी सांभाळायचा हे कर्नल ६.१ पासून नव्या पद्धतीने ठरतं. जुनी फर्मवेअरं विंडोजपुरती तपासलेली, बिनदिक्कत खोटं बोलतात. म्हणून कर्नलमध्ये अशा मॉडेलांची अपवाद-यादी असते. हान्स द गुडे या डेव्हलपरने ऑक्टोबर २०२२ मध्येच सांगितलं होतं: काही जुन्या लॅपटॉपचा ब्राइटनेस जाईल, तपासून कळवा.

आपण कळवलं? छे! फुकटचं घेतलं, वर बोंबही लिनक्सच्याच नावाने. ऑफिसात मात्र ‘माहिती अपुरी’ म्हणून लोकांचे बग रिपोर्ट परत पाठवतो. ज्याला मामा इंजिनियर नाही, त्या पोराने ग्रब कुठे शोधायचं राव?

परतताना एसटीतच मॉडेलचं नाव आणि लॉग पाठवला. दहा मिनिटं लागली. तुम्ही ती ओळ कधी टाकली होती?