किल्ली पर्समध्ये, गाडी खानापुरात

मंडळी, यंदा गणपतीत नातेवाइकांकडे आरतीला फिरताना एक गोष्ट लक्षात आली. बेळगावातल्या आपल्या बऱ्याच घरांत आता बटणावर चालू होणारी गाडी आली आहे, आणि घरातल्या मोठ्यांना ती अजून थोडी परकीच वाटते. निम्म्या घरांत मला एकच प्रश्न झाला: "तू कॉम्प्युटरवाला की रे, मग सांग, किल्ली खिशात आहे हे गाडीला कळतं कसं?" हातात टाळ असताना याचं उत्तर देता येत नाही, म्हणून या वेळचं सदर त्यावर.

बहुतेकांना वाटतं की किल्ली सतत सिग्नल सोडत असते. तसं नाही. बोलायला सुरुवात गाडी करते. दाराच्या हँडलला हात लागला किंवा त्यावरचं छोटं बटण दाबलं, की गाडीतले अँटेना साधारण 125 किलोहर्ट्झवर एक हाक देतात. ही हाक मुद्दाम जवळच्यापुरती ठेवलेली असते, एक-दोन मीटरच्या पलीकडे ती पोचत नाही. हाकेबरोबर गाडीने त्याच क्षणी निवडलेला एक आकडा जातो. किल्लीतली चिप जागी होते, त्या आकड्याचं आपल्याकडच्या गुप्त आकड्याशी गणित करते आणि उत्तर 433 मेगाहर्ट्झच्या आसपास परत पाठवते. गाडीनेही तेच गणित केलेलं असतं. जुळलं की दार उघडलं. गंमत अशी, की गुप्त आकडा स्वतः हवेतून कधी जातच नाही. त्यामुळे आजचं उत्तर कोणी चोरून ऐकलं तरी उद्या ते उपयोगाचं नाही, कारण उद्याचा प्रश्न वेगळा असतो.

आत बसून ब्रेक दाबून (गिअरची गाडी असेल तर क्लच) बटण दाबलं की हीच विचारपूस पुन्हा होते, पण आता आतल्या अँटेनांमधून. म्हणजे किल्ली खरंच आत आहे ना, बाहेर उभ्या माणसाच्या खिशात नाही ना, हे बघितलं जातं. मग स्टेअरिंग सुटतं, स्टार्टर फिरतो, इंजिनने दम धरला की आपोआप थांबतो. ॲम्बॅसेडरला पुढून हँडल मारल्याच्या आठवणी सांगणारे काका लोक अजून आहेत. त्या हँडलपासून सुटका करणारा विजेचा स्टार्टर कॅडिलॅक गाडीत 1912 साली आला, चार्ल्स केटरिंग यांच्या डोक्यातून. तेव्हापासून चालू करणं सोपंच होत गेलं. बंद करणं मात्र सोपं झालं असं मला वाटत नाही.

कारण किल्ली फिरवणाऱ्या माणसाला हाताने कळत होतं: किल्ली बाहेर काढली म्हणजे गाडी बंद. आता तो खुणेचा स्पर्शच गेला. आमच्याच घरातली गोष्ट. बाबांनी आईला शहापुरात मावशीकडे सोडलं, इंजिन चालूच होतं. किल्ली आईच्या पर्समध्ये. दार लागताच गाडी पिंपिं करायला लागली, बाबांना वाटलं सीट बेल्टचं काहीतरी असेल. ते तसेच पंचवीसेक किलोमीटर खानापूरला गेले, कामाच्या ठिकाणी गाडी बंद केली, आणि मग ती परत चालू होईना. इकडे आई फोनवर मला म्हणते, "पर्स तर मी घेऊन आलो की रे, आता काय करू?" मी मोटरसायकलवर किल्ली पोचवली. बाबा रागावले होते ते गाडीवर. त्यांचं म्हणणं, किल्ली नसताना गेलीच कशी?

प्रश्न रास्त आहे, पण उत्तर विचार करून दिलेलं आहे. किल्ली दिसेनाशी झाली म्हणून इंजिन आपोआप बंद करायचं ठरवलं, तर चोर्ला घाटात वळणावर, किंवा रेल्वे फाटकावर, नुसता किल्लीचा सेल संपला म्हणून गाडी थांबेल. त्यापेक्षा सूचना द्यायची आणि चालू ठेवायचं, हे बरं. माझी तक्रार सूचनेबद्दल आहे. सीट बेल्ट, उघडं दार आणि हरवलेली किल्ली या तिघांना सारखाच पिंपिं आवाज देणाऱ्याला मी तरी पास करणार नाही.

चालत्या गाडीत बटणाचं वागणं वेगळं असतं, हे तर प्रत्येक चालवणाऱ्याला माहीत हवंच. 2009 मध्ये कॅलिफोर्नियात एका गाडीचा ॲक्सिलरेटर अडकला आणि चार जण गेले. गाडी तात्पुरती वापरायला मिळालेली होती, आणि धावत असताना तिचं बटण 3 सेकंद दाबून धरावं लागत होतं. घाबरलेला माणूस बटण एकदा दाबतो आणि सोडतो. आपल्याकडच्या गाड्यांतही बहुधा दाबून धरणं किंवा लागोपाठ अनेकदा दाबणं अशीच सोय असते. आपल्या गाडीत नेमकं काय, ते पुस्तिकेत बघून ठेवा. ॲक्सिलरेटर अडकलाच तर आधी ब्रेक पूर्ण जोराने, मग न्यूट्रल. इंजिन बंद झाल्यावर स्टेअरिंग आणि ब्रेक दोन्ही जड होतात, म्हणून ते शेवटी.

आता चोरीचं. वर म्हटलं ते गणित भक्कम आहे, पण चोर गणित सोडवतच नाहीत. एकजण गाडीपाशी, दुसरा घराच्या दाराशी, दोघांकडे सिग्नल पुढे ढकलणारी यंत्रं. गाडीची हाक अंगणातून थेट खुंटीवरच्या किल्लीपर्यंत पोचते आणि किल्ली इमानदारीने उत्तर देते. झुरिकच्या इटीएचमधल्या संशोधकांनी 2011 मध्ये 8 कंपन्यांच्या 10 गाड्यांवर हे करून दाखवलं. दहाच्या दहा उघडल्या. नवीन काही किल्ल्या हलवल्या नाहीत तर झोपी जातात. काही गाड्या तर उत्तराला लागलेला वेळ मोजतात. रेडिओ लहर एका नॅनोसेकंदात साधारण 30 सेंटिमीटरच जाते, त्यामुळे लांबची किल्ली पकडली जाते. जुन्या गाडीवाल्यांनी किल्ली दाराजवळच्या खुंटीवरून उतरवून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवावी. डबा गाडीपाशी नेऊन दार उघडतं का ते एकदा पाहा. उघडलं तर डबा बदला.

राहिला सेल. बऱ्याच किल्ल्यांत सीआर 2032 असतो. नावातच माप आहे: 20 मिलिमीटर रुंद, 3.2 मिलिमीटर जाड. घरात लहान मूल असेल तर जुना सेल टेबलावर राहू देऊ नका. गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून गंभीर भाजतं. उलटी करवायची नाही, थेट हॉस्पिटल.

सेल संपला तरी गाडी अडत नाही. किल्लीच्या पोटात एक धातूची छोटी किल्ली लपलेली असते, दार तिने उघडतं (काही गाड्यांत भोकावर टोपण असतं). मग किल्ली स्टार्ट बटणाला, किंवा पुस्तिकेत दाखवलेल्या जागी, टेकवून धरायची. आतली चिप गाडीच्या चुंबकीय क्षेत्रातूनच वीज घेते, तिला सेल लागत नाही. या रविवारी सेल काढून हे बाबांकडून, काकांकडून करवून घ्या, तुम्ही नुसतं शेजारी बसा. आणि कपाटातली दुसरी किल्लीही बाहेर काढून बघा, तिचा सेल न वापरताही उतरतो.